डोमेन एकाकडे, आयपी दुसऱ्याकडे: वेबसाइटची ही जोडणी स्वतः वाचा, स्वतः बदला

वेबसाइट उघडत नाही म्हटल्यावर मालक आधी होस्टिंग कंपनीला गाठतो. तिथून उत्तर येतं, "सर्व्हर चालू आहे, तुमचं डोमेन बघा." डोमेन जिथून घेतलं ते सांगतात, "डोमेनची मुदत शिल्लक आहे, पण डीएनएस आमच्याकडे नाही." दोघंही खरंच बोलत असतात आणि साइट बंदच असते. या घोळाचं मूळ एकच: डोमेन नाव (साइटचं नाव) आणि आयपी पत्ता (सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) ही एकाच वस्तूची दोन रूपं आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात नाव एकाकडे नोंदलेलं असतं, पत्ता दुसऱ्याकडून मिळतो आणि दोघांना जोडणारी नोंद, म्हणजेच डीएनएस नोंद, कधी कधी तिसऱ्याकडेच असते. ती नोंद मालकाला स्वतःला वाचता आणि बदलता यायला हवी, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही. क्रम मात्र नीट पाळावा लागतो.

लेखात उदाहरण.कॉम हे डोमेन आणि २०३.०.११३.१० व १९८.५१.१००.२५ हे पत्ते नमुन्यादाखल घेतले आहेत. हे पत्ते ज्या गटांतले आहेत ते गट लिखाणातल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले आहेत, त्यांवर खरी साइट कधीच नसते. तुम्ही तिथे तुमचं नाव आणि तुमचा पत्ता घाला. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, त्या संगणकावर रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

आधी तीन खाती शोधून काढा

पहिलं खातं रजिस्ट्रारचं, म्हणजे ज्या कंपनीमार्फत डोमेन घेतलं तिचं. डोमेन कायमचं विकत मिळत नाही. ते मुदतीपुरतं तुमच्या नावावर नोंदलं जातं आणि .कॉमसाठी ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असते. .कॉमची मूळ नोंदवही व्हेरिसाइन ही कंपनी सांभाळते, रजिस्ट्रार तिच्यात तुमच्या वतीने नोंद करतो, आणि या व्यवहाराचे नियम आयकॅन ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था ठरवते.

दुसरं खातं डीएनएसचं. "या नावाचा पत्ता काय?" या प्रश्नाचं अधिकृत उत्तर जे सर्व्हर देतात ते तुमचे नेमसर्व्हर. ही सोय बऱ्याचदा रजिस्ट्रारच देतो, कधी होस्टिंग कंपनी देते, तर कधी क्लाउडफ्लेअरसारखी वेगळीच सेवा मध्ये असते.

तिसरं खातं होस्टिंगचं. साइटच्या फाइल्स, डेटाबेस आणि आयपी पत्ता इथे.

आता महत्त्वाची गोष्ट. या तिघांतलं तुमच्याबरोबर कायम राहू शकतं ते फक्त डोमेन. आयपी पत्ता तुमचा नसतोच. जगभरचे पत्ते आफ्रिनिक, एपनिक, आरिन, लॅकनिक आणि राइप एनसीसी या पाच प्रादेशिक संस्थांमार्फत इंटरनेट आणि होस्टिंग कंपन्यांना वाटलेले असतात; तुम्ही त्यांतला एक वापरत असता, इतकंच. होस्टिंग सोडलं की पत्ता तिथेच राहतो आणि पुढे दुसऱ्याला मिळतो. म्हणून ॲपमध्ये, छापील साहित्यात, दुसऱ्या साइटवरच्या लिंकमध्ये कुठेही थेट आयपी लिहू नका. नाव लिहा.

तिन्ही खात्यांची नावं, लॉगिनचा ईमेल आणि नूतनीकरणाची तारीख एका जागी लिहून ठेवा. रजिस्ट्रारच्या खात्याला त्याच डोमेनवरचा ईमेल देऊ नका. डोमेनची मुदत संपली तर तो ईमेलही बंद होतो आणि पासवर्ड बदलण्याचा दुवा जिथे यायचा ती पेटीच उघडत नाही. साइट दुसऱ्या कुणी बनवून दिली असेल तर डोमेन खरोखर कुणाच्या नावावर आहे हे आजच तपासा. बनवणाऱ्याने ते स्वतःच्या खात्यात घेतलेलं असणं अगदी सर्रास आढळतं. संबंध चांगले आहेत तोवर ते आपल्या खात्यात हलवून घेणं सोपं जातं.

नावापासून पत्त्यापर्यंतचा प्रवास

इंटरनेट लहान होतं तेव्हा सगळ्या यंत्रांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधून ती फाइल सांभाळली जाई आणि प्रत्येक जण आपल्यापुरती तिची प्रत उतरवून घेई. यंत्रं वाढली तशी ही पद्धत पुरेनाशी झाली. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि १९८७ साली तिची सुधारित मानकं आली; आजचं डीएनएस त्याच पायावर उभं आहे. या रचनेचं मर्म दोन गोष्टींत आहे: जबाबदारी वाटून देणं आणि मिळालेलं उत्तर काही काळ लक्षात ठेवणं. वेबसाइट मालकाच्या बऱ्याच अडचणी या दुसऱ्या गोष्टीतून येतात.

एखादा वाचक ब्राउझरमध्ये उदाहरण.कॉम टाइप करतो. ब्राउझर आणि संगणक आधी स्वतःची साठवण पाहतात. तिथे उत्तर नसेल तर प्रश्न रिझॉल्व्हरकडे जातो. हा बहुधा इंटरनेट कंपनीचा असतो किंवा गूगलच्या ८.८.८.८ सारखा सार्वजनिक. रिझॉल्व्हरलाही माहीत नसेल तर तो वरून खाली विचारत येतो. रूट सर्व्हर (यांची ए ते एम अशी १३ नावं आहेत) त्याला .कॉमचे सर्व्हर दाखवतात. .कॉमचे सर्व्हर तुमचे नेमसर्व्हर दाखवतात. तुमचा नेमसर्व्हर शेवटी सांगतो: २०३.०.११३.१०. मग ब्राउझर त्या पत्त्याशी जोडणी करतो आणि पान येतं.

या साखळीतली एक कडी तुटली तरी बाकी सगळं ठणठणीत असून उपयोग नसतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले होते. कंपनीच्या अंतर्गत नेटवर्कमधल्या बिघाडानंतर तिच्या नेमसर्व्हरांकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले. डोमेन शाबूत होतं, नोंदी शाबूत होत्या, पण पत्ता सांगणारं कुणी पोचण्याजोगं उरलं नव्हतं.

आपली जोडणी आत्ता कशी आहे ते पाहा

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि "एनएसलुकअप" लिहून जागा सोडून डोमेन लिहा. मॅक किंवा लिनक्सवर "डिग" ही आज्ञा जास्त तपशील देते. तिच्या उत्तरातली कामाची ओळ साधारण अशी दिसते:

उदाहरण.कॉम. ३६०० आयएन ए २०३.०.११३.१०

नावाच्या शेवटचा टिंब चुकून आलेला नाही. नाव इथे पूर्ण झालं, असा त्याचा अर्थ. ३६०० म्हणजे टीटीएल: हे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचं. आयएन म्हणजे इंटरनेट, ए म्हणजे नोंदीचा प्रकार आणि शेवटी पत्ता.

दहा सेकंद थांबून तीच आज्ञा पुन्हा द्या. ३६०० च्या जागी ३५९० दिसलं तर उत्तर रिझॉल्व्हरच्या साठवणीतून आलं आणि त्याची घटका भरत चालली आहे. दर वेळी पूर्ण ३६०० येत असेल तर बहुधा तुम्ही थेट अधिकृत नेमसर्व्हरलाच विचारत आहात. सार्वजनिक रिझॉल्व्हरकडे एकाहून अधिक साठवणी असतात, त्यामुळे तिथे आकडा मागेपुढे उड्या मारताना दिसेल. त्याने बिचकू नका. हा उतरता आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की डीएनएस बदल "पसरायला" वेळ लागतो या समजुतीतला दोष ध्यानात येतो. काहीच पसरत नसतं. जुनी उत्तरं आपापल्या वेळी कालबाह्य होत असतात, आणि तो वेळ तुम्हीच टीटीएलमध्ये लिहिलेला असतो.

याच आज्ञेने नोंदीचा प्रकार एनएस देऊन नेमसर्व्हर कोणते तेही विचारा. "नोंद बदलली पण काहीच होत नाही" या तक्रारीमागे फार वेळा एकच कारण निघतं: नोंद रजिस्ट्रारच्या पॅनेलमध्ये बदललेली असते आणि नेमसर्व्हर भलत्याच कंपनीचे असतात. नेमसर्व्हर जिथले, नोंद तिथेच बदलायची.

कामाच्या नोंदी

ए नोंद नावाला आयपीव्ही४ (वर दिसला तसा चार आकड्यांचा, जुन्या प्रकारचा) पत्ता देते, तर चार वेळा ए असलेली क्वाड-ए नोंद आयपीव्ही६ (नव्या, लांब प्रकारचा) पत्ता देते. सीनेम नोंद पत्ता देत नाही, दुसऱ्या नावाकडे बोट दाखवते. एमएक्स मेल कुठे पोचवायची ते सांगते. टीएक्सटीमध्ये मजकूर असतो, उदाहरणार्थ या डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला आहे ते सांगणारी एसपीएफ नोंद.

यांतल्या दोन नियमांपाशी जरा थांबायला हवं. पहिला नियम असा की ज्या नावाला सीनेम आहे त्या नावाला दुसरी नोंद ठेवता येत नाही. मूळ डोमेनला एनएस आणि एसओए (डोमेनच्या नोंदींची मूळ माहिती देणारी) या नोंदी असाव्याच लागतात, म्हणून मूळ डोमेनला सीनेम देता येत नाही. तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू किंवा ब्लॉगसारख्या उपडोमेनला द्यायचा. काही सेवा एलियास किंवा एनेम नावाची सोय देतात. तिच्यात नेमसर्व्हर स्वतः दुसऱ्या नावाचा पत्ता शोधून ए नोंदीसारखं उत्तर देतो. दुसरा नियम एमएक्सचा: तिच्यात आयपी लिहायचा नसतो, नाव लिहायचं असतं, आणि त्या नावाला स्वतःची ए किंवा क्वाड-ए नोंद असावी लागते.

नोंद भरताना नावाच्या रकान्यावर लक्ष ठेवा. बहुतेक पॅनेल तुमचं डोमेन शेवटी आपणहून जोडतात. तिथे "ब्लॉग" एवढंच लिहायचं. ब्लॉग.उदाहरण.कॉम असं पूर्ण लिहिलंत तर काही पॅनेलांत ब्लॉग.उदाहरण.कॉम.उदाहरण.कॉम अशी नोंद तयार होते. ती दिसते जागेवर, चालत मात्र नाही. मूळ डोमेनसाठी त्या रकान्यात @ हे चिन्ह टाकतात. डोमेन देवनागरीत असेल तर पॅनेलमध्ये ते एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रोमन नाव म्हणून दिसेल. ते तुमचंच नाव आहे, डीएनएसच्या सोयीसाठी रूपांतर केलेलं.

एकाच पत्त्यावर शेकडो साइट्स कशा

आयपीव्ही४ पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. जागतिक साठ्यातले शेवटचे गट ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. आयपीव्ही६चे पत्ते १२८ बिटांचे आहेत आणि ते संपण्याची धास्ती नाही, पण आयपीव्ही४ अजून सोडता येत नाही. त्यामुळे साध्या होस्टिंगवर एका पत्त्यावर खूप साइट्स असतात. ब्राउझर जोडणी करताना आपल्याला कोणतं नाव हवं ते सर्व्हरला कळवतो. वेबपान मागण्याच्या नियमांच्या एचटीटीपी १.१ या आवृत्तीत होस्ट हा मथळा सक्तीचा झाला, आणि सुरक्षित जोडणीत हेच काम एसएनआय करतं.

मालकाच्या दृष्टीने यातून एक पक्की गोष्ट निघते: जोडणी दोन्ही बाजूंनी करावी लागते. डीएनएस पाहुण्याला सर्व्हरपर्यंत आणतं, पण हे नाव आपल्याकडचं आहे हे सर्व्हरलाही सांगून ठेवावं लागतं. होस्टिंग पॅनेलमध्ये डोमेन जोडलंच नाही तर होस्टिंगचं कोरं स्वागतपान दिसतं, दुसऱ्याच कुणाची साइट उघडते किंवा सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राचा इशारा येतो. ब्राउझरमध्ये नुसता आयपी टाकून आपली साइट दिसत नाही म्हणूनही घाबरू नका. शेअर्ड होस्टिंगवर ती तशी दिसायचीच नाही.

एचटीटीपीएससाठी वेगळा आयपी घ्यायचे दिवस एसएनआयने संपवले. साध्या साइटला वेगळ्या पत्त्याची गरज नाही, त्यासाठी जादा पैसे मोजू नका. स्वतःच्या सर्व्हरवरून मेल पाठवत असाल तर गोष्ट निराळी, कारण तिथे त्या पत्त्याची पत मोजली जाते. मेल पाठवणाऱ्या आयपीला उलट नोंद, म्हणजे पीटीआर, लागते. ती तुमच्या डीएनएस पॅनेलमधून होत नाही. आयपी ज्याचा, त्या होस्टिंग कंपनीला सांगून करवून घ्यावी लागते.

नवी साइट जोडताना

होस्टिंग पॅनेलमध्ये डोमेन जोडा आणि तिथला आयपी टिपून घ्या. तो १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांतल्या कशाने सुरू होत असेल तर तो खासगी पत्ता आहे, बाहेरच्या जगाला चालणार नाही; सार्वजनिक पत्ता विचारून घ्या. मग डीएनएसमध्ये मूळ डोमेनला ए नोंद आणि डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूला मूळ डोमेनकडे जाणारा सीनेम द्या. होस्टिंगने आयपीव्ही६ पत्ता दिला असेल तरच क्वाड-ए नोंद घाला. पत्ता बाहेरून बरोबर दिसायला लागला की प्रमाणपत्र काढा. लेट्स एन्क्रिप्टसारखी सेवा नाव तुमच्याच सर्व्हरकडे येतं का हे पडताळून पाहते, म्हणून हा क्रम उलटा करून भागत नाही. शेवटी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना अशा दोन्ही रूपांतलं एक मुख्य ठरवा आणि दुसरं ३०१ ने, म्हणजे कायमच्या वळणाने, तिकडे वळवा. जोडणीचं काम एवढंच.

सर्व्हर बदलताना, म्हणजे खऱ्या परीक्षेच्या वेळी

नाव तेच, पत्ता नवा. लोकांना कळूही न देता हे करता येतं, मात्र तयारी दोन दिवस आधी सुरू करा.

सुरुवात नोंदींची पूर्ण प्रत घेण्यापासून. पॅनेलमध्ये झोन, म्हणजे डोमेनच्या सगळ्या नोंदींचा संच, निर्यात करायची सोय असेल तर फाइल उतरवा, नसेल तर स्क्रीनचे फोटो काढा. उपडोमेन, एमएक्स, टीएक्सटी, सगळं त्यात आलं पाहिजे.

नंतर टीटीएल खाली आणा. इथला हिशेब बारकाईने समजून घ्या. समजा आत्ताचा टीटीएल ८६,४००, म्हणजे एक दिवस आहे आणि तुम्हाला मंगळवारी रात्री १० वाजता पत्ता बदलायचा आहे. तुम्ही सोमवारी रात्री ९ वाजता टीटीएल ३०० केला. त्याच्या मिनिटभर आधी ज्या रिझॉल्व्हरने उत्तर घेतलं, तो ते जुन्या बोलीवर, म्हणजे मंगळवारी रात्री ९ वाजेपर्यंत धरून ठेवेल. त्यानंतर मात्र सगळ्यांकडे पाच मिनिटांचंच उत्तर असेल. रात्री १० ला पत्ता बदललात की १० वाजून ५ मिनिटांनी जवळजवळ सगळी वर्दळ नव्या सर्व्हरवर. टीटीएल कमी करायची आठवण बदलाच्या क्षणी झाली तर उपयोग शून्य: जुनी उत्तरं जुन्याच मुदतीने बाहेर फिरत असतात, ती परत बोलावता येत नाहीत.

मधल्या वेळात नव्या सर्व्हरवर साइट उभी करा आणि होस्ट्स फाइल वापरून तपासा. डीएनएसच्या आधीची ती एकमेव फाइल गेली, पण तिची छोटी आवृत्ती प्रत्येक संगणकात अजून आहे आणि संगणक डीएनएसला विचारण्याआधी तिच्यात पाहतो. मॅक आणि लिनक्सवर ती ईटीसी या फोल्डरात सापडेल, विंडोजवर सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरातल्या ईटीसीमध्ये. प्रशासकाच्या अधिकाराने उघडून तिच्यात एक ओळ घाला:

१९८.५१.१००.२५ उदाहरण.कॉम डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.उदाहरण.कॉम

आता फक्त तुमच्या संगणकाला हे नाव नव्या सर्व्हरवर दिसेल, बाकी जग जुन्यावरच असेल. लॉगिन करून पाहा, फॉर्म पाठवा, फोटो चढवा, सगळ्या पानांवर फिरा. तपासणी झाली की ती ओळ आठवणीने काढा. राहिली तर पुढे काही बिघडलं तरी तुम्हाला वेगळंच चित्र दिसेल.

प्रमाणपत्राचा पेच इथेच येतो: नाव अजून जुन्या सर्व्हरकडे जातंय, मग नव्यावर प्रमाणपत्र कसं मिळणार? जुन्या सर्व्हरवरचं प्रमाणपत्र आणि त्याची खासगी किल्ली तात्पुरती नव्यावर नेता येते. किंवा डीएनएसमार्फत पडताळणी निवडा. तिच्यात टीएक्सटी नोंद घालून मालकी सिद्ध होते, नाव कुठे जातं याच्याशी संबंध राहत नाही.

साइटवर ऑर्डर, नोंदणी, प्रतिक्रिया येत असतील तर बदलाच्या थोडं आधी जुनी साइट देखभालीच्या अवस्थेत ठेवा आणि डेटाबेसची शेवटची प्रत त्यानंतर घ्या. हे टाळलं तर त्या काही मिनिटांत काही लोकांची माहिती जुन्या डेटाबेसमध्ये आणि काहींची नव्यात पडते, आणि ती जुळवत बसणं हे स्थलांतराहून मोठं काम होतं.

मग पत्ता बदला, ए आणि क्वाड-ए दोन्ही. ही जोडी विसरू नका. ए नोंद बदलली आणि क्वाड-ए जुनीच राहिली तर आयपीव्ही६ असलेल्या वाचकांना, त्यांत मोबाइलवरचे पुष्कळ, जुनाच सर्व्हर दिसत राहतो. तुमच्या संगणकावर सगळं छान, वाचकाच्या फोनवर जुनी साइट, आणि दोघंही शपथेवर सांगतात की माझंच खरं. लेट्स एन्क्रिप्टही क्वाड-ए नोंद असली की आधी आयपीव्ही६ वरूनच पडताळणी करायला जातं, तेव्हा प्रमाणपत्राचं नूतनीकरणही तिथे अडतं.

बदलानंतर आधी तुमच्या नेमसर्व्हरला थेट विचारा. एनएसलुकअपमध्ये डोमेननंतर नेमसर्व्हरचं नाव लिहिलं की प्रश्न त्यालाच जातो. तिथे नवा पत्ता दिसला म्हणजे तुमचं काम बरोबर झालं. मग ८.८.८.८, १.१.१.१ आणि ९.९.९.९ या सार्वजनिक रिझॉल्व्हरांना विचारा. विंडोजची स्वतःची साठवण "आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस" ने पुसता येते.

जुना सर्व्हर लगेच बंद करू नका. काही रिझॉल्व्हर आणि काही प्रोग्राम टीटीएलला जुमानत नाहीत. जुन्या सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आलं याच्या नोंदवहीत, रोज पाहा. खरी माणसं यायची थांबली की तो सोडा. एसपीएफ नोंदीत जुना आयपी लिहिलेला असेल तर तिथला आकडाही बदला. आठवडा नीट गेला की टीटीएल पुन्हा ३६०० वर न्या.

नेमसर्व्हर बदलणं हे वेगळं काम आहे

ए नोंद बदलताना घड्याळ तुमच्या हातात असतं. नेमसर्व्हर बदलताना नसतं, कारण तुमचे नेमसर्व्हर कोणते हे .कॉमचे सर्व्हर सांगतात आणि त्या उत्तराचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास असतो. "२४ ते ४८ तास थांबा" हे सर्वत्र ऐकू येणारं वाक्य इथे लागू पडतं. साध्या नोंदबदलाला ते सरसकट लावणं चूक.

म्हणून इथे पद्धत बदला. नव्या डीएनएस सेवेत जुन्या सगळ्या नोंदी हुबेहूब भरा. नव्या सेवेची आपोआप नोंदी आणण्याची सोय उपयोगी आहे, पण तिला सगळी उपडोमेनं सापडतातच असं नाही. घेतलेल्या प्रतीशी एकेक ओळ ताडून पाहा. नव्या नेमसर्व्हरला थेट विचारून उत्तरं तपासा आणि त्यानंतरच रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हरची नावं बदला. पुढचे दोन-तीन दिवस जुन्या आणि नव्या दोन्ही ठिकाणी नोंदी सारख्याच ठेवा, या काळात सर्व्हर बदलू नका. इथे सगळ्यात जास्त बळी जातो तो मेलचा. वेबसाइट उघडते म्हणून सगळे निश्चिंत असतात, आणि एमएक्स नोंद न आणल्याने येणारी पत्रं परत जात असतात.

डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करायची सोय, चालू असेल तर रजिस्ट्रारकडची डीएस नोंद (त्या सहीची ओळख पटवणारी) आधी काढा, तिची मुदत उलटू द्या, मग नेमसर्व्हर बदला. जुनी डीएस नोंद आणि नवे नेमसर्व्हर यांचा मेळ बसत नाही. सह्या तपासणारे रिझॉल्व्हर अशा वेळी तुमचं उत्तर खोटं समजून टाकून देतात.

बंद पडल्यावर कुठे पाहायचं

आधी नावाला पत्ता मिळतो का ते पाहा. "असं नावच नाही" अशा अर्थाचं एनएक्सडोमेन हे उत्तर आलं तर डोमेनची मुदत, नेमसर्व्हर आणि नोंदीचं स्पेलिंग तपासा. आयकॅनच्या नियमानुसार नव्या डोमेनच्या मालकाने ईमेल पडताळणी १५ दिवसांत केली नाही तर डोमेन थांबवलं जाऊ शकतं. ते पत्र स्पॅममध्ये पडलेलं असू शकतं. सर्व्हफेल, म्हणजे रिझॉल्व्हरला उत्तर मिळवताच आलं नाही असा शेरा, आला तर डीएनएसएसईसी किंवा न पोचणारे नेमसर्व्हर यांच्यावर संशय घ्या.

पत्ता मिळतो, तो बरोबरही आहे, तरी पान येत नाही? मग डीएनएस सोडा, सर्व्हर आणि फायरवॉल पाहा. पिंग या सर्व्हर जागा आहे का ते विचारणाऱ्या आज्ञेला उत्तर आलं नाही म्हणून सर्व्हर मेला असा निष्कर्ष काढू नका. अनेक सर्व्हर पिंग मुद्दाम अडवतात.

पत्ता तुमचा नसून अनोळखीच निघाला तर मध्ये सीडीएन किंवा प्रॉक्सी, म्हणजे वाचक आणि तुमचा सर्व्हर यांच्या मधे उभी राहून पानं पोचवणारी सेवा, आहे का ते आठवा. असेल तर बाहेर त्या सेवेचाच आयपी दिसतो आणि तुमच्या सर्व्हरचा पत्ता फक्त तिच्या पॅनेलमध्ये असतो. सर्व्हर बदलला तर तो तिथे बदलायचा. मेलसाठीचं नाव मात्र अशा प्रॉक्सीमागे ठेवू नका, ती वेबची वर्दळ हाताळते, मेलची नाही.

मुदत, कुलूप आणि विसरलेल्या नोंदी

.कॉमची मुदत संपल्यावर रजिस्ट्रार काही दिवस सवलत देतो. किती, ते त्याच्या धोरणावर. नोंद रद्द झाली की ३० दिवसांचा रिडेम्प्शन काळ असतो, त्यात डोमेन परत मिळतं पण बरंच महाग पडतं. त्यानंतर ५ दिवसांनी ते मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतं. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, त्यासाठी दिलेलं कार्ड चालू आहे ना ते पाहा, स्थलांतराचं कुलूप लावा आणि रजिस्ट्रारच्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन ठेवा. तिन्ही खात्यांत सगळ्यात कडक बंदोबस्त इथेच हवा, कारण हे खातं ज्याच्या हाती त्याला नेमसर्व्हर बदलून बाकी सगळं ताब्यात घेता येतं.

शेवटी, जुन्या नोंदींकडे वळा. एखाद्या प्रयोगासाठी टेस्ट.उदाहरण.कॉम काढलं, क्लाउडवर सर्व्हर घेतला, काम झाल्यावर सर्व्हर सोडला आणि ए नोंद तशीच राहिली, असं पुष्कळांकडे झालेलं असतं. सोडलेला आयपी क्लाउड कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. आता तुमच्या नावाखाली त्याचा सर्व्हर उघडतो, आणि त्याच्या मनात वाईट असेल तर तो तुमच्या उपडोमेनचं खरंखुरं प्रमाणपत्रही काढू शकतो. बंद केलेल्या सेवांकडे बोट दाखवणाऱ्या सीनेम नोंदींनाही हाच धोका आहे. नोंदींची जी प्रत घेतली आहे ती समोर ठेवून प्रत्येक ओळीतला पत्ता किंवा नाव आजही तुमच्याकडे आहे का ते विचारा. नसेल तर ती नोंद काढून टाका, आणि पुढे कुठलाही सर्व्हर सोडताना आधी नोंद काढा, तिचा टीटीएल उलटू द्या, मगच सर्व्हर परत करा.